आत्याच्या ओव्या आणि घरचा संगणक

गेल्या दिवाळीनंतर आत्या पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे पुण्याला राहायला आली, तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्या नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, असे मी आधीच ठरवून ठेवले होते. त्यासाठी स्टुडिओ वगैरे काही नव्हते. घरातला सहा वर्षांचा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडायचा एक साधा माइक, कानावर घट्ट बसणारे हेडफोन आणि ‘ऑडॅसिटी’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर, एवढीच सामग्री होती. ती पुरेशी आहे, हे आता मी खात्रीने सांगू शकतो. मात्र सामग्री पुरेशी असणे आणि काम नीट होणे यांच्यात बरेच अंतर असते, आणि ते अंतर कापताना मी ज्या चुका केल्या त्यांतल्या काही इथे लिहून ठेवतो.

पहिली चूक म्हणजे मी आत्याला खुर्चीत बसवले. समोर टेबल, टेबलावर माइक, पडद्यावर हिरवी-पिवळी पट्टी, आणि मी म्हणालो, “हं, आता म्हण.” चार ओव्या झाल्या, पाचवी अर्ध्यावर अडकली, आणि आत्या हात हवेत गोल फिरवत म्हणाली, “आरं, हातात खुटा न्हाई, तर वव्या यायच्या कुठनं?” तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. ओवीचा पहिला चरण खुंटा ओढताना निघतो, दुसरा तो फिरून परत येताना, आणि मध्ये दाण्यांचा घास जात्यात घालायला हात जातो तेवढ्या वेळात पुढची ओळ आठवते. दुसऱ्या आठवड्यात गावाकडून येणाऱ्या चुलतभावाने कराडहून जाते गोणपाटात गुंडाळून गाडीच्या डिकीतून आणले, आम्ही दोघांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवले, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आगाऊ कल्पना देऊन ठेवली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. तेव्हा एका घरातल्या शे-दीडशे ओव्यांनी संग्रहात फार मोठी भर पडेल, असा माझा समज नव्हता. मला ओव्यांपेक्षा आत्याचा आवाज हवा होता, आणि त्या आवाजाच्या खाली जात्याची घरघर हवी होती. ही दुसरी गोष्ट मी मध्येच एकदा विसरलो. ते पुढे येईल.

वेळ पहाटे पाचची ठरली. जात्याची मूळ वेळ तीच, आणि शहरात शांतताही तेवढीच मिळते. सव्वासहाला सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू होते आणि त्यानंतर ध्वनिमुद्रण करण्यात अर्थ उरत नाही. पंखा बंद करणे कोणालाही सुचते, पण फ्रिजचा आवाज आपल्या कानांना इतका सवयीचा झालेला असतो की तो हेडफोन घातल्यावरच ऐकू येतो. मी तोही बंद करत असे, आणि नंतर चालू करायचे विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीवर ठेवत असे. किल्लीशिवाय ऑफिसला जाता येत नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या पाचही दिवसांत दूध एकदाही नासले नाही.

तरीही हेडफोनमध्ये एक बारीक, सलग गुणगुण येत होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि चार्जरमधून किंवा नीट अर्थिंग नसलेल्या सॉकेटमधून तिची गुणगुण ध्वनीत उतरते. अर्धा तास वायरी हलवून पाहिल्यावर मी चार्जर काढला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवला; गुणगुण तत्काळ थांबली. बॅटरी तासभर टिकते, आणि आत्याचे खांदेही साधारण तेवढेच टिकतात.

खोलीचा प्रश्न गोधड्यांनी सुटला. फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या, त्यामुळे प्रत्येक शब्दामागे एक पुसट प्रतिध्वनी उमटत होता. एका भिंतीला मी गादी उभी टेकवली, दुसरीकडे दोरी बांधून तीन गोधड्या वाळत घातल्यासारख्या टाकल्या, आणि आत्या मध्ये बसली. माइकचा स्टँड फरशीवर ठेवला तर जात्याची थरथर दगडातून फरशीत आणि फरशीतून थेट माइकमध्ये जाते. म्हणून चौपदरी घडी केलेली गोधडी, तिच्यावर पाट आणि पाटावर स्टँड, अशी उतरंड रचावी लागली. ती पाहून आत्याला सत्यनारायणाच्या पूजेची आठवण झाली.

माइक तोंडापासून किती दूर ठेवायचा, याचे सर्वसाधारण उत्तर ‘वीतभर’ असे आहे. बसून बोलणाऱ्या माणसासाठी ते योग्यही आहे. पण दळणारी बाई स्थिर नसते. खुंटा ओढताना आत्या मागे जाते, लोटताना पुढे येते, आणि या झोक्यात तिचे तोंड साधारण वीतभर अंतर मागेपुढे होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे माइक २० सेंटिमीटरवर असेल आणि ती ४० सेंटिमीटरवर गेली, तर प्रत्येक फेऱ्याला आवाज ६ डेसिबलने खालीवर होणार. पहिल्या दिवशी तसेच झाले आणि ऐकताना कोणीतरी दार उघडत-लावत असल्यासारखे वाटले. माइक ६० सेंटिमीटरवर नेला, की तोच झोका ६० ते ८० एवढा होतो आणि फरक जेमतेम अडीच डेसिबलचा राहतो. लांब गेल्यामुळे खोली आणि जाते दोन्ही अधिक ऐकू येऊ लागले, ही त्याची किंमत. जात्याच्या बाबतीत ती मी आनंदाने मोजली.

अंतर वाढवल्याचा दुसरा फायदा मराठीच्या बाबतीत विशेष आहे. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने पावलोपावली येतात, आणि ‘भाऊ’, ‘फूल’, ‘धन’ म्हणताना तोंडातून हवेचा जो झोत निघतो तो जवळच्या माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज उमटतो. ओव्यांमध्ये तर भाऊ दर तिसऱ्या ओवीत येतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा खाली आणि बाजूला, हनुवटीच्या रेषेत तिरका ठेवला की झोत शेजारून निघून जातो आणि आवाज मात्र पुरेपूर मिळतो. जवळूनच बोलायचे असेल, तर कशिद्याच्या रिंगमध्ये जुना पातळ पायमोजा ताणून तो माइकपुढे धरला तरी काम भागते.

आवाजाची पातळी ठरवताना मी पुन्हा चुकलो. “काहीतरी बोल,” असे म्हटल्यावर माणूस हळू बोलतो. आत्याही “काय बोलू बया” एवढेच पुटपुटली, त्या पुटपुटण्यावर मी पातळी बेतली, आणि पहिली ओवी सुरू होताच पट्टी लाल झाली. डिजिटल ध्वनिमुद्रणात ० डेसिबल हे छत असते. त्याच्या वर गेलेल्या लहरीचे शेंडे सपाट कापले जातात आणि ते नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. ऑडॅसिटी आतल्या आत ‘३२ बिट फ्लोट’ या, छताच्या वरचे आकडेही धरून ठेवणाऱ्या पद्धतीने काम करते, त्यामुळे कापलेला आवाज खाली आणला की सुधारेल, असा एक गैरसमज मलाही होता. पण माइकच्या आतच जे कापले गेले ते पुढे मिळायचे कुठून? म्हणून चाचणी खऱ्या ओवीवर, खऱ्या जोरात घ्यावी, आणि सर्वांत मोठा आवाजसुद्धा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवावी. आवाज थोडा हळू भरला तरी बिघडत नाही, कारण २४ बिटमध्ये, म्हणजे आवाजाची बारीक मापे टिपणाऱ्या नोंदीत, तो नंतर वाढवायला भरपूर जागा असते. साध्या माइकच्या पिनेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी विंडोजमधला ‘मायक्रोफोन बूस्ट’ शक्यतो शून्यावर ठेवावा, कारण तो आवाजाबरोबर खरखरही वाढवतो.

आकड्यांचे थोडे सांगतो, कारण त्यांना उगाच घाबरले जाते. सीडीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे त्या-त्या क्षणाची मापे) घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. मी ४८,००० नमुने आणि २४ बिट निवडले. ध्वनिसंग्रहांची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यातही किमान मर्यादा हीच सांगितली जाते. एकच माइक असल्यामुळे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे. २४ बिट म्हणजे ३ बाइट, तेव्हा सेकंदाला १,४४,००० बाइट, मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडे वर आणि तासाला सुमारे ५१८ एमबी. पाच पहाटेंचे मिळून चार तास दहा मिनिटे भरली, आणि सगळ्याला २ जीबीहून थोडी अधिक जागा लागली. लग्नाचा एक व्हिडिओ याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण एमपी३मध्ये करण्याचे दिवस केव्हाच गेले आहेत. कानाला जाणवणार नाही असे जे त्या पद्धतीला वाटते, ते ती फेकून देते, आणि फाइल उघडून, काटछाट करून पुन्हा साठवली की आणखी थोडे फेकते. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवावी. जागा फारच कमी असेल तर फ्लॅक वापरावे. ते घडी घातलेल्या कपड्यासारखे असते, उघडल्यावर धागाही कमी झालेला नसतो.

आता त्या घरघरीविषयी. दुसऱ्या दिवशीचे ध्वनिमुद्रण ऐकताना मला वाटले, जाते जरा जास्तच वाजते आहे, शब्द झाकले जात आहेत. ऑडॅसिटीमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ म्हणून एक सोय आहे: नुसता गोंगाट असलेले दोन-चार सेकंद निवडून दाखवायचे, मग सॉफ्टवेअर त्या गोंगाटाचा ठसा घेते आणि संपूर्ण ध्वनीमधून तो वजा करते. पंख्याच्या किंवा टेपच्या खरखरीवर हा उपाय चांगला चालतो. मी आत्या श्वास घ्यायला थांबली होती आणि जाते नुसते फिरत होते असे चार सेकंद शोधले, ठसा घेतला आणि बटण दाबले. जाते गेले. आत्याचा आवाज मात्र विहिरीच्या तळाशी बसून गायल्यासारखा झाला, आणि ओवीच्या शेवटी ती जो लांबवर स्वर धरते तो मध्येच तुटू लागला. घरघर आणि माणसाचा आवाज कंपनांच्या एकाच पट्ट्यात एकमेकांत मिसळलेले असतात. एक उपटायला गेले की दुसऱ्याची मुळे तुटतात. शिवाय सॉफ्टवेअरच्या दृष्टीने जे एकसारखे वाजते तो गोंगाट. व्हिडिओ कॉलमध्ये कोणी तानपुरा लावला की तो गायब होतो, त्याचे कारणही हेच. विंडोजच्या माइकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ या नावाखाली अशीच सोय कधी कधी आपोआप चालू असते. गाणे भरायचे असेल तर ती आधी बंद करावी.

मूळ फाइल शाबूत होती म्हणून बचावलो. त्यानंतर मी मूळ प्रतीला हात लावला नाही. ऐकण्यासाठी वेगळी प्रत केली आणि तिच्यात फक्त ८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८० आवर्तनांच्या) खालचा भाग कमी केला. बाईच्या आवाजाचा मूळ स्वर बराच वर, साधारण १६० हर्ट्झच्या पुढे असतो, त्यामुळे तेवढ्याने फरशीची धडधड उतरते आणि आवाजाला धक्का लागत नाही.

मूळ प्रतीबद्दल मी एवढा धास्तावलेला असतो, त्याला एक जुने कारण आहे. २०१५ साली मी वडिलांना समोर बसवून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी भरून घेतल्या होत्या. सुकडी, तांबडी मिलो ज्वारी, खडी फोडायची कामे, सगळे मिळून एक तास दहा मिनिटे. ऑडॅसिटीची तेव्हाची आवृत्ती एक छोटी प्रकल्प-फाइल तयार करत असे आणि खरा ध्वनी तिच्या शेजारच्या, शेवटी ‘डेटा’ असे लिहिलेल्या फोल्डरमध्ये शेकडो तुकड्यांत ठेवत असे. सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते. मी सूचना वाचल्या नव्हत्या. संगणक फॉरमॅट करण्याआधी मी ती छोटी फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेतली, नाव बरोबर होते, समाधान झाले. ती फाइल ३८ केबीची होती. तासाभराचा आवाज ३८ केबीत मावत नाही, एवढे गणित तेव्हा केले असते तरी पुरले असते. वडील २०१९ साली गेले, आणि त्यानंतर एका संध्याकाळी मी ती फाइल पहिल्यांदा उघडली. मार्च २०२१मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळे एकाच फाइलमध्ये राहते, त्यामुळे ही विशिष्ट चूक आता होणार नाही. तरीही प्रकल्प साठवणे म्हणजे ध्वनी साठवणे नव्हे. ध्वनिमुद्रण थांबवल्यावर सॉफ्टवेअर बंद करण्याआधी मी वेव्ह फाइल बाहेर काढतो, ती दुसऱ्याच प्लेयरमध्ये सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ऐकतो, आणि तिचा आकार मिनिटांच्या हिशेबात बसतो का ते पाहतो.

नावांच्या बाबतीत मी एकच पद्धत पाळली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग माणूस आणि विषय. त्यामुळे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवले, कारण जुन्या यंत्रांवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. मराठीतला तपशील मात्र शेजारच्या साध्या मजकूर फाइलमध्ये भरपूर लिहिला. कोण, कुठे, केव्हा, कोणता माइक, किती अंतरावर, जात्यात काय होते (तीन दिवस ज्वारी, दोन दिवस हरभऱ्याची डाळ), आणि कोणत्या मिनिटाला कोणती ओवी. हे शेवटचे काम नंतर करायला बसलो असतो तर संपले नसते. ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रण चालू असतानाच कंट्रोल आणि एम दाबले की तिथे खूण पडते, आणि खुणांची यादी पुढे मजकूर म्हणून बाहेर काढता येते.

प्रती तीन आहेत. एक संगणकात, एक कपाटातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक कोल्हापूरला बहिणीकडे. सगळ्या प्रती एकाच घरात असतील, तर पाणी किंवा चोर एकाच फेरीत सगळे नेतो. पेन ड्राइव्ह ही वस्तू ने-आण करण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही, आणि घरी लिहिलेल्या सीडीवर विश्वास ठेवण्याचे वय माझे सरले आहे. प्रत्येक फाइलचा एक ‘चेकसम’, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बिटांवरून निघणारा आकडा, काढून ठेवला आहे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो, म्हणून वर्षातून एकदा तीनही प्रतींचे आकडे ताडून पाहिले की कोणती प्रत कुजायला लागली ते कळते.

शारजाला असलेल्या आतेभावाने तिसऱ्याच दिवशी मागणी केली. वेव्ह फाइल ईमेलने जात नाही, कारण २५ एमबीच्या मर्यादेत तीन मिनिटेसुद्धा बसत नाहीत. एक ओवी मी फोन संगणकाच्या स्पीकरजवळ धरून व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजने पाठवली, तेव्हा त्याने “आईला सर्दी झाली आहे का?” असे विचारले. मग व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. तशी पाठवली की फाइल जशीच्या तशी पोहोचते.

पाठवण्याआधी आत्याला विचारले होते. कोण ऐकणार, हे तिने नीट विचारून घेतले, आणि एका ओवीवर बोट ठेवले. ती थोरल्या जावेवर होती, जाऊ हयात नाही, पण तिची मुले-नातवंडे आहेत. “ही तेवढी घरातच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. मूळ फाइलमध्ये ती ओवी आहे. ऐकण्याच्या प्रतीत त्या जागी अकरा सेकंद नुसते जाते फिरते.

जाण्याच्या आदल्या रात्री तिला सगळे हेडफोनवर ऐकवले. आधी मी हौसेने ती ‘स्वच्छ’ केलेली प्रत लावली होती, बिनजात्याची. तिने दोन ओव्या ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवला. मग मूळ फाइल लावली, तिसऱ्या पहाटेची. ती डोळे मिटून ऐकत होती, उजवा हात मांडीवर हळूहळू फिरत होता. तेविसाव्या मिनिटाला तिने माझा हात धरला. “थांब. मागं घे जरा.” मी दहा सेकंद मागे नेले. मला शब्द ऐकू येत होते, त्यांच्याखाली तीच घरघर होती. “ऐकलंस का? हितं घास उशिरा घातलाय मी. दगडावर दगुड वाजतुया.”

मी पुन्हा तीनदा ऐकले, तेव्हा कुठे घरघरीतला तो कोरडा, थोडा चढा सूर मला वेगळा काढता आला. चार सेकंदांनी दाणे पडल्यावर तो पुन्हा खाली बसतो. मजकूर फाइलमध्ये तेविसाव्या मिनिटापुढे मी तेवढे लिहून ठेवले, आणि बदललेल्या फाइलचा चेकसम नव्याने काढला.